कथेतला ‘तू’: बोलतंय कोण?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. आई गेल्यानंतर तिचं घर आवरायला एकटीच आलेली मुलगी, अशी कथा तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘तू’ वापरून लिहिलीत. एका मैत्रिणीला ती इतकी भिडली की तिने लगेच पुन्हा वाचली. दुसऱ्या वाचकाने तिसऱ्या पानावर सोडून दिली आणि म्हणाला, ‘सारखं कुणीतरी मला सांगतंय, तू हे करतेस, तू ते करतेस. मी यातलं काहीच करत नाहीये.’ संपादकांकडून कथा साभार परत आली, सोबत एकच ओळ, ‘तृतीयपुरुषी करून पाहा.’ आता ‘तू’चं ‘ती’ करावं की ‘मी’, आणि द्वितीयपुरुषी निवेदन ही मुळात नुसती चमत्कृती आहे का, असं तुम्ही विचारता आहात.

मी कथा लिहिते आणि बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कथांचं संपादनही करते, त्यामुळे हा पेच दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे. माझं मत असं की एवढ्यात काही बदलू नका. तुमचा तो दुसरा वाचक चुकलेला नाही, पण त्याला ज्याचा त्रास झाला ती गोष्ट सर्वनामाच्या थोडी मागे आहे. तुमच्या कथेत ‘तू’ कोण हे स्पष्ट आहे. ‘तू’ म्हणणारं माणूस कोण, हे मात्र तुम्हीच अजून ठरवलेलं नाही. माझं बहुतेक उत्तर या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

तरी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. कथा किती लांब आहे यावर बरंच ठरतं. दहा-बारा पानं ‘तू’ सहज पेलतो, दोनशे पानांना वेगळी तयारी लागते. काही वाचकांना हे निवेदन कधीच रुचत नाही आणि त्यांना ते रुचवून दाखवणं हे तुमचं काम नाही. शिवाय तुमची पूर्ण कथा मी वाचलेली नाही. तुम्ही प्रश्नासोबत दिलेला उताराच माझ्यासमोर आहे, तेव्हा त्याच्याच आधाराने बोलते:

‘तू कपाट उघडतेस. तुला डांबरगोळ्यांचा वास येतो. तू खालच्या खणातली पेटी बाहेर काढतेस. तू पेटीवरून हात फिरवतेस. तुला रडू येतं. तू ठरवतेस की आज काहीच टाकायचं नाही. आईने त्या फोनबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं, हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं.’

यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बाकीची सहा वाक्यं कॅमेऱ्यासारखी आहेत, जे घडतं ते टिपत जातात. सातव्या वाक्यात अचानक एक माणूस उभा राहतो. त्याला फोनबद्दल माहीत आहे. ‘तेव्हा’ हा शब्द तो वापरतो, म्हणजे तो नंतरच्या कुठल्यातरी काळातून बोलतो आहे. हेच वाक्य तिन्ही पुरुषांत फिरवून पाहा. ‘हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं’ म्हटलं की ती माहिती झाली. सगळं जाणणारा निवेदक ती वाचकाला पुरवतो. ‘हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं’ म्हटलं की तिचीच आठवण झाली, थोडी कबुलीही. पण ‘हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं’ म्हटलं की दोन माणसं समोरासमोर येतात. एकाला माहीत होतं, दुसरीला नव्हतं. मग लगेच विचारावंसं वाटतं की ज्याला माहीत होतं त्याने सांगितलं का नाही? आणि आता का सांगतोय? एका वाक्यात नातं तयार झालं, त्या नात्यात एक गाठही पडली. द्वितीयपुरुषी निवेदनाची ताकद आहे ती इथे. ‘वाचकाला थेट कथेत ओढता येतं’ असं जे लेखनाच्या पुस्तकांत वाचायला मिळतं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. वाचक ओढला जाण्यापेक्षा बिचकण्याचीच शक्यता जास्त असते, आणि ते तुमच्या वाचकाने दाखवूनच दिलं.

फ्रेंच लेखक मिशेल ब्यूतोर यांनी १९५७ साली ‘ला मोदिफिकास्यों’ ही अख्खी कादंबरी या निवेदनात लिहिली. पॅरिसहून रोमला आगगाडीने निघालेला एक मध्यमवयीन माणूस, बायकोला सोडून रोममधल्या प्रेयसीकडे जायचं त्याने ठरवलेलं आहे, आणि प्रवास संपेपर्यंत तो निर्णय डब्यातच विरघळतो. त्या माणसाला संबोधन आहे ते आदरार्थी, आपल्या ‘तुम्ही’सारखं. पुढे कादंबरीतल्या सर्वनामांवर लिहिलेल्या निबंधात ब्यूतोर यांनी जे मांडलं त्याचा आशय असा, की ज्याला स्वतःची गोष्ट माहीत नाही, किंवा माहीत असून अजून शब्दांत धरता आलेली नाही, अशा माणसाला कुणीतरी त्याचीच गोष्ट सांगतं तेव्हा द्वितीय पुरुष येतो. मी हे विधान हस्तलिखितं वाचताना कसोटीसारखं वापरते. तुमच्या कथेतल्या मुलीला तिची कोणती गोष्ट अजून शब्दांत धरता आलेली नाही? ‘आई गेली आणि तिला वाईट वाटतंय’ हे तर तिला नीट माहीत आहे. तेवढंच असेल तर ‘तू’ची गरज नाही, मग संपादकांचं ऐकावं.

आता बोलणारा कोण असू शकतो ते पाहू.

सगळ्यात जास्त आढळतो तो स्वतःशीच बोलणारा माणूस. लाज, अपराधीपण, धक्का, व्यसन, दुःख असं काही असलं की माणूस स्वतःपासून एक पाऊल मागे सरकतो आणि स्वतःलाच ‘तू’ म्हणायला लागतो. मराठी वाचकाला हे नवं नाही. मनाच्या श्लोकांत समर्थ रामदास सबंध वेळ मनालाच उद्देशून बोलतात, आणि आपणही आरशासमोर ‘काय केलंस हे!’ असंच म्हणतो. या प्रकारात धोका असा की दोन ‘स्व’ एकसारखेच निघतात. जो बोलतो त्याला आणि ज्याच्याशी बोलतो त्याला तेवढंच माहीत, तेवढंच वाटतं, तर मग एकाने दुसऱ्याला सांगायचं काय? त्यांच्यात काहीतरी अंतर लागतं. काळाचं असेल, म्हणजे बोलणारी पाच वर्षांनी मोठी आहे. किंवा वृत्तीचं असेल, म्हणजे एकीला रडायचंय आणि दुसरी तिला रडू देत नाही. फ्रेंच लेखक झोर्झ पेरेक यांची १९६७ सालची एक कादंबरी आहे, सगळ्या जगातून हळूहळू अंग काढून घेणाऱ्या एका विद्यार्थ्याची, पूर्णपणे ‘तू’मध्ये लिहिलेली. वाचताना वाटतं, तो स्वतःशीच बोलतोय. १९७४ साली तिच्यावर सिनेमा झाला, त्यात पेरेक स्वतः सामील होते. पडद्यावर तो तरुण एक शब्द बोलत नाही आणि सगळं निवेदन एका बाईच्या आवाजात ऐकू येतं. नुसता आवाज बदलल्याने तेच ‘तू’ कधी सहानुभूतीचं, कधी पाळत ठेवणारं वाटायला लागतं. तुमच्या कथेचं पहिलं पान वेगवेगळ्या लोकांकडून मोठ्याने वाचून घ्या, असं मी सुचवते ते त्यासाठीच. एखाद्या आवाजात मजकूर एकदम जागेवर बसतो आणि बोलणारं माणूस कसं असावं ते कळतं.

दुसरा प्रकार मला स्वतःला जास्त जवळचा आहे. त्यात बोलणारं माणूस वेगळंच असतं, कथेतच कुठेतरी असतं, पण स्वतःबद्दल फारसं बोलत नाही. ‘मी’ लपलेला असतो. कोरियन लेखिका हान कांग यांच्या २०१४ सालच्या, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात १९८० साली झालेल्या हत्याकांडावरच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण एका शाळकरी मुलाला ‘तू’ म्हणत सांगितलेलं आहे. प्रेतं ठेवलेल्या सभागृहात तो मदत करतो आहे. वाचता वाचता जाणवायला लागतं की हा ‘तू’ म्हणणारा आवाज मागे उरलेल्यांचा आहे, आणि ज्याला हाक मारली जाते आहे तो ती ऐकू शकणार नाही. या प्रकारात ‘तू’ म्हणणं हीच एक कृती होते. त्या हाकेत तक्रार असेल, माफी असेल, विनवणी असेल. पण काहीतरी असायलाच हवं.

तिसरा प्रकार सूचनांचा: हे कर, ते करू नकोस, असं केलंस तर तसं होईल. लेखिका जमैका किनकेड यांची ‘गर्ल’ ही १९७८ सालची छोटी कथा म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. आई मुलीला कपडे कसे धुवावेत, कसं चालावं, कसं वागावं ते सांगत सुटते आणि मुलगी मध्ये फक्त दोनदा तोंड उघडते. तिथे हुकूम वाटतो म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण हुकूम देणारी समोर दिसते. तुमच्या वाचकाच्या नाराजीचं मूळ इथेच आहे: त्याला हुकूम ऐकू आले, पण हुकूम देणारं कुणी दिसलं नाही.

प्रत्यक्ष वाचकालाच ‘तू’ म्हणणारं लेखनही असतं. इटालियन लेखक इटालो काल्विनो यांच्या १९७९ सालच्या कादंबरीची सुरुवातच, तू आता ही कादंबरी वाचायला घेतो आहेस, अशी होते. तो वेगळा खेळ आहे आणि तुमच्या कथेशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे, तिच्यावर मात्र थोडं थांबायला हवं. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की ते कुणालाही लागू पडतं. पुरुष, बाई, लहान, मोठा, शिवाय ‘कुणीही माणूस’ या अर्थानेही. मराठीत त्या सर्वसाधारण अर्थासाठी आपण ‘आपण’ वापरतो. ‘आपण घाईत असतो आणि नेमकी किल्ली सापडत नाही,’ असंच म्हणतो. त्यामुळे मराठीत ‘तू’ म्हटलं की ते कुणाला तरी म्हटलंय, हे लपत नाही. शिवाय क्रियापद लगेच लिंग सांगून टाकतं. ‘उघडतेस’ वाचल्याबरोबर पुरुष वाचक बाहेर पडला. ‘मी यातलं काहीच करत नाहीये’ असं तुमचा वाचक म्हणाला त्यात हेही आलं असणार.

यावर दोन रस्ते आहेत आणि त्यातला एक निवडावाच लागतो. ‘तू’ म्हणजे ठरावीक व्यक्तिरेखा असेल, तर पहिल्याच वाक्यात लिंग, वय, नातं असं काहीतरी पक्कं दिसू द्या. वाचकाला जितक्या लवकर कळेल की ‘हे मला म्हटलेलं नाही,’ तितक्या लवकर तो निश्चिंत होऊन ऐकायला लागतो. अर्धं पान संदिग्ध ठेवून मग ‘थकली आहेस’ असं आलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि ‘तू’ कुणीही असू शकेल असं खरोखरच हवं असेल, तर व्याकरणाची मदत घ्या. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘तू दार उघडलंस’, ‘तू पत्र वाचलंस’ यात लिंग दिसत नाही. ‘तू आलीस’, ‘तू बसलास’ यात दिसतं. भविष्यकाळात कधीच दिसत नाही: जाशील, बसशील, विसरशील. आज्ञार्थातही नाही. ‘तुला आठवतं’, ‘तुझे हात थरथरतात’ अशी रचनाही चालते. ‘तुम्ही’ घेतलंत तर ‘आलात’, ‘बसलात’ चालून जातं, पण ‘गेल्या होतात’, ‘थकलेल्या आहात’ अशा ठिकाणी लिंग पुन्हा डोकावतंच. सबंध कथाभर हे सांभाळायचं म्हणजे चिकाटीचं काम आहे, छोट्या कथेतच जमतं. तुमच्या कथेला त्याची गरज नाही. तुमची ‘तू’ ही मुलगीच आहे, तिला मुलगी राहू द्या.

काळाची निवडही याच्याशीच बांधलेली आहे. बहुतेक जण द्वितीयपुरुषी म्हटलं की डोळे झाकून वर्तमानकाळ घेतात, तुम्हीही घेतलात. पण मराठीत ‘उघडतेस, काढतेस, फिरवतेस’ अशी रांग लागली की ती नाटकातल्या कंसातल्या रंगसूचनांसारखी वाटते. भूतकाळात, ‘उघडलंस, काढलीस, फिरवलास’, लगेच कुणीतरी घडलेलं सांगतंय असं होतं. आरोपाची छटाही येते. भविष्यकाळ घेतला तर भाकीत. मेक्सिकन लेखक कार्लोस फुएंतेस यांनी ‘आउरा’ या १९६२ सालच्या लघुकादंबरीत वर्तमानाबरोबर भविष्यकाळ वापरला आहे, त्यामुळे नायक जे करणार ते आधीच ठरून गेलंय अशी भीती मनात घर करते. आणि रीतिभूतकाळ, ‘तू दार उघडायचीस, हसायचीस’, हा गेलेल्या माणसाशी बोलण्याचा काळ आहे. त्यातल्या प्रत्येक क्रियापदात ‘आता नाही’ हे आपोआप येतं.

हा झाला नियमांचा भाग. तुमच्या उताऱ्याचं मी काय करेन ते आता दाखवते.

आधी साफसफाई. सात वाक्यांत ‘तू’ चार वेळा आणि ‘तुला’ तीन वेळा आलंय. मराठीत क्रियापदाचा ‘स’ कर्ता सांगतोच. ‘कपाट उघडतेस’ पुरेसं आहे. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘तू’ ठेवला की बोट रोखून बोलल्यासारखं होतं. ‘तू’ राखून ठेवा, जिथे जोर द्यायचाय तिथेच वापरा. दुसरं, ‘तुला रडू येतं’ आणि ‘तू ठरवतेस’ ही वाक्यं काढा. माझा अनुभव असा की वाचक ‘तू’कडून हालचाल मान्य करतो, वास, स्पर्श, दिसणं मान्य करतो, भावना आणि निर्णय सांगितले की अडून बसतो. आपल्याला काय वाटतंय ते दुसऱ्याने सांगितलेलं कुणालाच खपत नाही. पेटीवर हात फिरवला एवढं पुरतं.

मग बोलणारं माणूस. मृत आईच बोलते आहे, ही कल्पना तुम्हाला सुचली असेल. अशा कथेत ती सगळ्यांनाच आधी सुचते. मी ती टाळेन. आईला सगळं माहीत, आई सगळं समजून घेणार, त्यामुळे ताण उरत नाही. तुम्ही लिहिलंय की कथेत एक मोठी बहीण आहे, ती घर आवरायला येत नाही, फक्त एकदा तिचा उल्लेख येतो. माझं लक्ष तिच्यावर गेलं. फोनबद्दल तिला माहीत असेल तर? फोन तिलाच आला असेल तर? ‘तू’ ती म्हणत असेल तर?

आता एक अडचण येते. बहीण तिथे नव्हती, मग धाकटीने कपाट उघडलं, पेटी काढली हे तिला कसं कळलं? इथे मराठीने आपल्याला एक सुंदर सोय दिलेली आहे, ती म्हणजे ‘असशील’. तिने पाहिलेलं नाही. ती अंदाज करते आहे. असं काहीतरी होईल:

‘आधी कपाटच उघडलं असशील. डांबरगोळ्यांचा वास आला असेल आणि तू तशीच थांबली असशील, दाराला धरून. खालच्या खणातली पेटी काढायला तुला गुडघ्यावर बसावं लागलं असेल. तो खण अडकतो, उजवीकडून वर उचलून ओढावा लागतो. तुला ते ठाऊक नाही. आई तो खण मलाच उघडायला सांगायची. तू दोन्ही हातांनी ओढला असशील आणि मग कुणी पाहिलं नाही ना म्हणून मागे वळून बघितलं असशील. कुणी नव्हतं. मी यायला हवं होतं.’

हा उतारा परिपूर्ण आहे असं म्हणत नाही, तुमची कथा तुम्हीच लिहाल. पण यात काय झालं ते बघा. घटना त्याच आहेत: कपाट, वास, पेटी. हुकूम नाहीसा झाला, कारण ‘असशील’ म्हणणारी हुकूम देऊच शकत नाही, तिला खात्रीच नाही. खण अडकतो हा तपशील नुसता घराचा राहिला नाही; आईचा जीव कुणावर जास्त होता याची जुनी धुसफूस त्यात आली. आणि ‘मी’ शेवटच्या वाक्याआधी जवळजवळ नाहीच, तरी सगळा उतारा तिचाच आहे. रडू कुणालाच आलेलं नाही, तसं लिहायची गरजही पडली नाही. फोनचं वाक्य आता कुठे टाकायचं? मी ते इतक्या लवकर देणार नाही. बहीण त्याच्याभोवती घुटमळत राहील, इतर गोष्टी सांगत राहील, आणि ते अगदी नाइलाज झाल्यावर तिच्या तोंडून निघेल. ती ‘तू, तू’ करत इतका वेळ का बोलते आहे, याचं कारण तेच वाक्य असायला हवं.

सबंध कथा ‘असशील’मध्ये ठेवली तर तीही कंटाळवाणी होईल. दोन-तीन परिच्छेदांनंतर बहिणीला आपल्याच कल्पनेची खात्री वाटायला लागते आणि ती साध्या भूतकाळात सरकते, ‘मग तू पेटी उघडलीस.’ आणि पुढे एखाद्या ठिकाणी, जिथे तिला कल्पना करणंही जड जातं, तिथे पुन्हा ‘असशील’ येतं. क्रियापदाचं हे मागेपुढे होणं हीच त्या बहिणीच्या मनाची हालचाल. तृतीयपुरुषी निवेदनात हे मला कसं आणायचं ते समजत नाही, म्हणून संपादकांचा सल्ला इथे मी मानणार नाही.

त्यांचा सल्ला वाया मात्र घालवू नका. कथेतलं कुठलंही एक पान घ्या, ते ‘ती’ वापरून लिहा, मग ‘मी’ वापरून लिहा. नुसती सर्वनामं बदलू नका, नव्याने लिहा. तिन्ही पानं शेजारी ठेवा. ‘ती’च्या पानात काहीच गमावलं नसेल, उलट मोकळं वाटत असेल, तर निर्णय झाला, खेद करायचं कारण नाही. मी संपादन करते तेव्हा द्वितीयपुरुषी आलेल्या कथांपैकी बऱ्याच कथा या परीक्षेनंतर ‘मी’मध्ये जातात आणि सुधारतात. लेखकाला आपल्याच अनुभवापासून जरा लांब उभं राहायचं असतं म्हणून त्याने ‘तू’ घेतलेला असतो. पहिला मसुदा उतरेपर्यंत त्याचा उपयोग झाला, मग तो काढून टाकायला हरकत नसते.

संवादांचीही काळजी घ्या. शेजारीण मुलीला ‘तू कधी आलीस?’ म्हणेल आणि निवेदनातही ‘तू’च असेल, तर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. अवतरणचिन्हं न वापरण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या कथेत भागवा. मुलीचं नावही कुणाच्या तरी तोंडून एकदा येऊ द्या, आणि जमलं तर बहीण तिला ज्या नावाने हाक मारते ते निराळं असू द्या.

राहिला वाचण्याचा मुद्दा, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की अशा कथा वाचताना तुम्हालाही कधीकधी गुदमरल्यासारखं होतं, ते का. मला वाटतं, ‘तू’ आला की आपण लगेच त्या जागी स्वतःला बसवायचा प्रयत्न करतो आणि मापात बसत नाही म्हणून वैतागतो. लहान मुलांसाठी ‘पुढे काय करायचं ते तूच ठरव’ अशी पुस्तकं असतात, संगणकावरचे जुने शब्दांचे खेळही तसेच होते. तिथे ‘तू’ला निवड असते. कथेत ती नसते, आणि ती नाही हे खुपतं. मी वाचते तेव्हा ‘तू’ व्हायला जातच नाही. शेजारच्या खोलीत दोन माणसं बोलताहेत आणि त्यातल्या एकाचंच बोलणं मला ऐकू येतंय, असं धरते. पेन्सिल हातात असते. जिथे बोलणाऱ्याला ‘तू’पेक्षा जास्त माहीत आहे तिथे समासात खूण, जिथे तो चुकीचा अंदाज करतोय असं वाटतं तिथे दुसरी खूण. चांगल्या कथेत या खुणांवरूनच बोलणाऱ्याचा चेहरा तयार होत जातो. कथा संपली तरी एकही खूण पडली नाही, तर ‘तू’ तिथे उगाच होता असं मी समजते.

तुमच्या उताऱ्यात एक खूण पडली, सातव्या वाक्यापाशी. तुमच्या मैत्रिणीला कथा का भिडली हे तिलाही सांगता येणार नाही कदाचित, पण मला वाटतं ती या अशाच वाक्यांमुळे. सबंध कथा एकदा फक्त ही वाक्यं शोधत वाचा, ज्यांत बोलणाऱ्याला मुलीपेक्षा जास्त ठाऊक आहे. ती वेगळ्या कागदावर उतरवा आणि सगळी एकाच माणसाच्या तोंडी शोभतात का ते पाहा. काही आईच्या तोंडची वाटतील, काही बहिणीच्या, एखादं तुमच्या स्वतःच्या. ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येतील त्याच्या आवाजात पहिली दोन पानं नव्याने लिहा. उरलेली वाक्यं तूर्त बाजूला ठेवा. त्या दुसऱ्या वाचकालाच ती पानं आधी दाखवा. मैत्रिणीला नको, तिला काहीही आवडेल. तो तिसऱ्या पानाची मागणी करतो का तेवढं बघा, आणि मग संपादकांकडे पुन्हा पाठवायची की नाही ते ठरवा.